खोबऱ्याची कलमं : मे २०२४ ते जुलै २०२५च्या नोंदी

१२ मे २०२४

कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरून सकाळची गगनबावडा गाडी धरून आत्याकडे गेले. मागच्या रविवारच्या वळवात खोबऱ्या आंब्याची पूर्वेकडची मोठी फांदी मोडली, असं दादाने फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्ष पाहिल्यावर पोटात गोळा आला. मांडीएवढी जाड फांदी, साल सोलत खाली आलेली, आणि आत लाकूड काळं. बुंध्याच्या ढोलीत वाळवी आहे. दादा म्हणाला, "दोन-तीन पावसाळं काढंल, जास्त न्हाई."

खोबऱ्या म्हणजे आमच्या घरचा रायवळ आंबा. आजोबांच्या लहानपणीही हे झाड मोठंच होतं म्हणतात. फळ मुठीत मावेल एवढं, पिकल्यावरही हिरवट, साल पातळ, रेषा कमी, आणि तोंडात ओल्या खोबऱ्यासारखी चव मागे राहते. बाजारात हा आंबा नाही. गावातही दुसरं झाड नाही. ते पडलं की ही चव संपली.

कोय लावून भागणार नाही, हे घरात सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. काकांनी वीस वर्षांपूर्वी याच झाडाची कोय बांधावर लावली होती. झाड छान वाढलं, पण आंबा आंबट आणि रेषांचा. मोहोरावर माशा-किडे कुठल्या कुठल्या झाडाचा पराग आणून टाकतात, म्हणून कोयीतून येणारं झाड अर्धं आईचं आणि अर्धं कुणाचं ते सांगता येत नाही. हापूसही याच कारणाने कोयीतून हापूस येत नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधायला लागले, तेव्हापासून तो काडीतूनच, म्हणजे झाडाच्या कापलेल्या शेंड्यातूनच, पुढे चालत आला आहे. खोबऱ्याचीही काडीच घ्यायला हवी.

दादाला मोडलेल्या फांदीचा लोंबता भाग करवतीने साफ कापायला लावला. उघड्या लाकडावर बोर्डो पेस्ट लावली : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडी भांड्यात नाही.

१६ मे

खुंटासाठी, म्हणजे काडी ज्याच्यावर बांधायची त्या रोपासाठी, कोयी लागतात, आणि त्या कुठल्याही धट्ट्याकट्ट्या रायवळच्या चालतात. शेजारच्या काकूंकडे काल आमरस होता. त्यांच्याकडून आणि घरच्या मिळून ६० कोयी जमल्या. गर घासून धुतल्या, एक दिवस सावलीत वाळवल्या, मग बादलीभर पाण्यात टाकल्या. ८ तरंगल्या, त्या टाकून दिल्या. बुडालेल्या ५२ बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढून फळांच्या दोन क्रेटमध्ये वाळू-कोकोपीट भरून दोन-दोन इंचांवर लावल्या. वर ओलं गोणपाट टाकलं.

आंब्याची कोय साठवून ठेवायची वस्तू नव्हे. महिनाभर पडून राहिली की तिची उगवण जवळपास संपते. मागे एका वर्षी मी "पाऊस आला की लावू" म्हणून कोयी डब्यात ठेवल्या होत्या, त्यातली एकही आली नाही.

आमचं घर आर. के. नगरच्या बाजूला. मागे दहा बाय बाराचं परसू आणि वर गच्ची. शेडनेट गच्चीवर बांधणार होते, पण तिथे वारा फार आहे. म्हणून परसातल्या शेवग्याखाली बांधलं.

६ जून

पहिली कोयरोपं वर आली. एकदम तांबूस, ओल्या मातीच्या रंगाची पानं. हा तांबडा रंग आणि दांड्यातला कोवळेपणा आठ ते पंधरा दिवस टिकतो. कोय कलमाला, म्हणजे अशा कोवळ्या कोयरोपावर काडी बांधायला, तोच काळ लागतो. पानं हिरवी झाली की दांडा चिवट होतो आणि चीर नीट जात नाही.

काडीचं काम मात्र आधी सुरू करावं लागतं. कापायच्या आठ-दहा दिवस अगोदर निवडलेल्या शेंड्यांची पानं काढायची, देठाचा थोडा भाग ठेवून. पानं गेल्यावर झाड अन्नरस शेंड्यातल्या डोळ्यात साठवतं. डोळा टपोरा होतो, पण फुटत नाही. त्या अवस्थेतली काडी खुंटावर बसवली की ती लगेच फुटायला तयार असते.

दादाला फोन केला. तो वर चढून २५ शेंड्यांची पानं काढणार आहे. "पण वैनीला इचार, नवी पालवी लई कमी हाय," असंही म्हणाला. (वैनी म्हणजे त्याचीच बायको. झाडाची खरी माहिती तिलाच असते.)

१६ जून

रविवार. काल दादा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या २५ काड्या घेऊन आला. आज २२ कलमं बांधली, ३ काड्या कापतानाच बिघडल्या. पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून काय केलं ते सविस्तर लिहून ठेवते.

कोयरोप वाळूतून अलगद उचललं, कोय आणि मुळी लागलेलीच ठेवली. कोयीपासून चार बोटं वर शेंडा आडवा छाटला. उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर दिली, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. काडी १० ते १५ सेंटिमीटर लांबीची. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं. पाचरीची लांबी चिरेएवढीच. काप एका ओढीत व्हायला हवा. करकरत दोनदा फिरवलेला चाकू पृष्ठभाग लहरी करतो आणि मध्ये हवा राहते. कापलेल्या भागाला बोट लावायचं नाही. चाकू दर चार-पाच कलमांनंतर स्पिरिटने पुसला, कारण आंब्याचा चीक पात्यावर धरतो.

जुळवायचं असतं ते सालीच्या आतला हिरवट, ओला, पातळ थर. नवीन पेशी तिथेच तयार होतात आणि दोन्ही भाग तिथेच एकमेकांना धरतात. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे असतील तर दोन्ही बाजू जुळतात. नसतील तर एक बाजू तरी काटेकोर जुळवायची, दुसरी सोडून द्यायची. काडी मधोमध ठेवली तर दोन्हीकडचा थर चुकतो.

बांधायला दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पातळ प्लॅस्टिक पट्टी. खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पाणी आत जात नाही. कलम काळ्या पिशवीत लावलं आणि वरून पेप्सीकोल्याची रिकामी लांब पिशवी टोपीसारखी घातली. खालून दोऱ्याने सैल बांधली. आतली हवा दमट राहिली की खुंटाकडून पाणी मिळेपर्यंत काडी सुकत नाही.

हात चिकाने काळे झाले आहेत. मनगटावर थोडी आगही होते आहे. पुढच्या वेळी आधी खोबरेल तेल लावीन.

एक शंका आत्ताच लिहून ठेवते. काड्यांपैकी निम्म्या मला पसंत नव्हत्या. काही अजून हिरव्या आणि त्रिकोणी, काहींवर फळांचे जुने देठ. तरी वापरल्या, कारण दुसऱ्या नव्हत्या.

७ जुलै

२२ पैकी ३ जिवंत.

वाईट वाटलं, पण एकेक कलम सोडून पाहिलं. ११ काड्या वरून काळ्या पडलेल्या, साल ओढली की निघून येत होती. या सगळ्या कोवळ्या हिरव्या काड्या. त्यांच्यात साठवण काहीच नव्हती, टोपीतल्या दमटपणात त्या कुजल्या. ६ काड्या आठवडाभर हिरव्या राहून मग आक्रसल्या. या फळ धरलेल्या शेंड्यांच्या, डोळा बारीक आणि झोपलेला. उरलेल्या २ माझ्या हाताच्या चुकीच्या : पाचर एका बाजूला जाड आणि चिरेत पोकळी.

म्हणजे १९ मधल्या १७ काडीमुळे गेल्या. मी महिनाभर चाकूचा, पट्टीचा, वाळूचा विचार केला आणि ज्याच्यावर सगळं उभं असतं ते दादाच्या एका फोनवर सोडलं. कलमाच्या हंगामाबद्दल सगळीकडे "जून ते ऑगस्ट" असं लिहिलेलं असतं. हवेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण या दिवसांत दमटपणा असतो आणि ऊन सौम्य. पण त्या महिन्यात झाडावर तयार काडी असायला हवी, हे त्या दोन शब्दांत दिसत नाही. नर्सरीवाले मातृवृक्ष छाटून, खतपाणी घालून तयार काडी मिळेल अशी व्यवस्था करतात. आमचा खोबऱ्या म्हातारा, नुकताच आंब्यांनी लगडलेला, त्याने नवी पालवी काढलीच नव्हती.

१४ जुलै

मन रमवायला पेरूची गुटी बांधली, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फुटवायच्या. परसातला पेरू सरदार जातीचा, म्हणजे लखनौ ४९. नावात लखनौ असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली.

करंगळीएवढ्या पाच फांद्या घेतल्या. प्रत्येकीवर अडीच सेंटिमीटरची साल गोल काढली, आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडला, वरच्या कडेला मुळ्या फुटण्याची पावडर लावली. भिजवून पिळलेलं शेवाळ भोवती, त्यावर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट. थर खरवडला नाही तर झाड साल पुन्हा जोडून घेतं आणि मुळ्या फुटत नाहीत.

गुटीला खुंट लागत नाही, जोड लागत नाही. ज्याला पहिल्यांदा काही करून पाहायचं आहे त्याने पेरू, डाळिंब किंवा लिंबाच्या गुटीपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. आंब्याची गुटी मात्र भरवशाची नाही. मुळ्या सहज फुटत नाहीत, म्हणूनच तर जोडकलम.

२६ जुलै

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली. आत्याशी फोन लागला, सगळे ठीक आहेत, गुरं वरच्या गोठ्यात हलवली. "तुझा आंबा बी हाय उभा," असं तिने न विचारताच सांगितलं.

आमच्याकडे पाणी येत नाही, पण सलग दहा दिवस ऊन नाही. तीन कलमांपैकी एकाच्या टोपीत पांढरी बुरशी. तिन्ही टोप्यांची टोकं कापली, पिशव्यांखाली विटा लावून निचरा मोकळा केला.

१८ ऑगस्ट

बुरशीचं कलम गेलं. दोन राहिली. त्यांना दोन-दोन तांबडी पानं.

पेरूच्या गुटीत चार ठिकाणी प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. अजून आठवडाभर थांबणार, मुळ्या पिवळसर-तपकिरी झाल्या की खालून कापणार.

रस्ता सुरू झाल्यावर आज आत्याकडे जाऊन आले. मोडलेल्या फांदीच्या जागी, जिथे बोर्डो लावलं होतं त्याच्या खालच्या अंगाला, नवे फुटवे आले आहेत. वीस-बावीस असतील, सरळ, जोमदार, पेन्सिलीएवढे. झाडाची जखम झाली की खालचे झोपलेले डोळे जागे होतात, हे माहीत होतं. पण मी जूनमध्ये तिकडे पाहिलंच नव्हतं. मी शेंड्यांकडे बघत होते. हे फुटवे जूनच्या पहिल्या आठवड्यातले असं वैनी म्हणते. म्हणजे सप्टेंबरात तीन महिन्यांचे होतील. काडीला तीन-चार महिन्यांचंच वय लागतं.

आत्याने एक फुटवा बोटात धरून दाखवला. "ह्यो अजून कोवळाय बघ, दाबला की दबतोय. साल हिरवी आन राखाडीच्या मधी आली पायजे. मी सांगतो तुला कधी ते." (आमच्या आत्या, आज्या सगळ्या "मी सांगतो, मी येतो" असंच बोलतात.) आत्याने आयुष्यात एकही कलम बांधलेलं नाही. पण कडुनिंबाची काठी कधी तोडायची, बाभळीचा नांगर कधी धरायचा, हे तिने साठ वर्षं पाहिलं आहे. लाकूड तयार झालं की नाही हे तिचं बोट सांगतं. मी ते वहीत शोधत होते.

१ सप्टेंबर

आत्याचा फोन : "आज पानं काढायला लावली. देठ ठेवल्यात." किती काढली विचारलं तर म्हणाली, "सोळा. बाकीची अजून न्हाईत." सहा फुटवे तिने नाकारले. मी असते तर सगळे घेतले असते.

खुंटांचीही सोय झाली. जूनमधल्या कोयरोपांपैकी ज्यांच्यावर कलम केलं नाही ती आता हातभर आहेत, पण दांडे बारीक. म्हणून एका रोपवाटिकेतून वर्षभराची १४ रायवळ रोपं आणली. ऑगस्टच्या मध्यात त्यांचे शेंडे खुडले होते. आता नवी तांबडी पालवी येते आहे. या वेळी कोय कलम नाही, मृदुकाष्ठ कलम. फरक एवढाच की कोय कलमात पंधरा दिवसांचं रोप घेतात आणि यात मोठ्या रोपाच्या नव्या, कोवळ्या वाढीवर जोड देतात. रोपाला स्वतःचं मूळ घट्ट असतं, त्यामुळे मला तरी ते जास्त सोशिक वाटतं.

११ सप्टेंबर

गौरीपूजन. सकाळी आत्याकडे पोचले. पूजा, नैवेद्य झाल्यावर दुपारी काड्या घेतल्या. एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली : देठाला नुसतं बोट लावलं की तो टपकन गळतो. जूनमध्ये देठ ओढून काढावे लागले होते. हीच खूण आहे. डोळा हरभऱ्यासारखा फुगलेला, पण मिटलेला. साल दाबली तर दबत नाही, वाकवली तर काडी वाकते आणि मोडत नाही.

ओल्या फडक्यात, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणल्या. फडकं पिळून घेतलं होतं, पाणी ठिबकत राहिलं तर डोळे कुजतात. अशा काड्या सावलीत तीन-चार दिवस राहतात, पण मी घरी पोचल्याबरोबर रात्री साडेदहापर्यंत बसून १४ बांधल्या. प्रत्येक काडीची जाडी खुंटाशी जुळवून घेतली. ज्या खुंटाला काडी जाड होती तिथे एकच बाजू धरली आणि लेबलवर तसं लिहिलं.

उरलेल्या दोन काड्या शेजारच्या काकांना दिल्या. त्यांना लगेच एका झाडावर दहा जाती करायच्या आहेत. मलिहाबादच्या कलीमुल्ला खाँ यांच्या झाडाची बातमी त्यांनी पाहिली आहे, ज्यांनी एका झाडावर तीनशेहून जास्त जाती धरल्या आणि ज्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. मी म्हटलं, काका, आधी दोन तरी लागू देत.

४ ऑक्टोबर

१४ पैकी १० फुटली. काकांच्या दोनपैकी १.

न फुटलेल्या चारपैकी दोन अजून हिरव्या आहेत, त्यांना वेळ देते. जी गेली त्यांची लेबलं पाहिली : दोन्ही एका बाजूने जुळवलेली. पण एका बाजूने जुळवलेली आणखी तीन लागली आहेत, तेव्हा तो दोष धरत नाही.

जूनमधला चाकू तोच, हात तेच, पट्टी तीच. बदलली ती काडी आणि खुंटाचं वय. दोन गोष्टी एकदम बदलल्यामुळे श्रेय कुणाचं हे नेमकं सांगता येत नाही, हे मला टोचतं. पुढच्या जूनमध्ये कोय कलमाला चांगली काडी वापरून पाहायची, म्हणजे कळेल.

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आहे. टोप्या एकदम काढल्या नाहीत. आधी टोकं कापली, तीन दिवसांनी दोरा सोडला, मग काढल्या. पाणी सकाळी, पिशवीतल्या मातीला. पानांवर नाही.

१७ नोव्हेंबर

पट्ट्या सोडल्या. एकाची सोडायला उशीर झाला होता. वाढ जोमदार असल्यामुळे पट्टी सालीत रुतली आणि वर गाठीसारखी सूज आली. दुपारी वाऱ्याने ते कलम बरोबर तिथेच मोडलं. नऊ राहिली, आणि जूनमधली दोन. अकरा.

हे लिहिताना जीव जड होतो. जोड चांगला लागला होता. पट्टी दोन-अडीच महिन्यांनी सोडायची म्हणजे दिनदर्शिकेवर खूण करून बसायचं नाही, रोज बघायचं. साल पट्टीच्या कडेला फुगलेली दिसली की उभा काप देऊन मोकळी करायची.

जोडाखालून आलेले खुंटाचे फुटवे दर आठवड्याला काढते आहे. ते जोमाने येतात आणि ठेवले तर कलमाला मागे टाकतात. घरोघरी "हापूस लावला होता, आंबट निघाला" असं ऐकू येतं ना, त्यातल्या कितीतरी झाडांवर कलम कधीच मेलेलं असतं आणि खुंटच वाढलेला असतो.

९ फेब्रुवारी २०२५

सीताफळाची पानं गळाली आहेत. वैनीच्या माहेरच्या मोठ्या डोळ्याच्या झाडाच्या सहा काड्या गावठी रोपांवर पाचर पद्धतीने बांधल्या. सीताफळाला हीच वेळ : काडी झोपेत, खुंट जागा व्हायच्या बेतात. आंब्याला पानं काढून डोळा तयार करावा लागतो. सीताफळ ते स्वतःच करतं.

शेजारच्या काकूंना चिकूचं कलम हवं आहे. चिकूला खुंट लागतो तो खिरणीचा, आणि खिरणीचं रोप पेन्सिलीएवढं व्हायलाच दीड-दोन वर्षं घेतं. त्यांना नर्सरीतलं तयार कलम घ्यायला सांगितलं. सगळं घरी करायचा हट्ट कशाला?

लिंबाचंही तसंच. कागदी लिंबाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं येतात, त्यातली बहुतेक थेट आईसारखी असतात. तिथे बी लावलं तरी चालतं. कोकमाची गोष्ट उलट. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावून आठ वर्षं वाट पाहायची आणि नर निघाला तर सावलीच मिळते. शिवाय कोकमाची काडी उभ्या शेंड्याचीच घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर झाड जमिनीलगत पसरत जातं, वर जात नाही.

काकांच्या गेटजवळच्या दहा वर्षांच्या आंबट रायवळवर केसर चढवायचा ठरलं. आज त्याच्या तीन फांद्या हातभर ठेवून छाटल्या, कापांवर बोर्डो लावलं. एक फांदी तशीच ठेवली, झाडाला अन्न करायला पानं हवीत. फुटवे येतील, त्यातले प्रत्येक फांदीवर दोन-तीनच ठेवायचे आणि जूनच्या पावसात त्यांच्या कोवळ्या भागावर काडी बांधायची.

१६ मार्च

सप्टेंबरच्या एका कलमाला मोहोर आला! वीतभर रोप आणि त्यावर मोहोराचा तुरा. काडी म्हाताऱ्या झाडाची असल्यामुळे तिला फुलायचं वय आधीच आलेलं असतं, म्हणून कोयीच्या झाडापेक्षा कलम लवकर फळतं.

आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "खुड." मला माहीत होतं. पहिली तीन वर्षं मोहोर ठेवायचा नसतो, सगळी ताकद मुळाला आणि फांद्यांना जायला हवी. तरी तो वास हाताला दिवसभर होता.

सीताफळाच्या सहापैकी पाच फुगली आहेत.

२७ मे

वळीव म्हणता म्हणता पाऊसच आला. मे महिना संपायच्या आत मोसमी पाऊस महाराष्ट्रात. आत्याकडे निम्मे आंबे पिकायच्या आधी पडले, काही झाडावरच काळे झाले. खोबऱ्याची उत्तरेकडची एक फांदी वाकली आहे. दादाने टेकू दिला.

यंदाचा आंबा चार दिवस खाल्ला. कोयी ४० निवडल्या, त्यातल्या २० लगेच लावल्या. गेल्या वर्षीच्या जखमेजवळचे जे फुटवे आत्याने नाकारले होते, ते आता नीट फांद्या झाले आहेत आणि एप्रिलमध्ये त्यांच्या शेंड्यांवर पालवी आली होती. ती जुलैत तयार होईल. म्हणजे कोयी आणि काडी यांची वेळ या वर्षी जुळत नाही. निम्म्या कोयी उशिरा लावायच्या तर पंधरवड्यापेक्षा जास्त थांबता येणार नाही. अजून आठ दिवसांनी दुसऱ्या २० लावते, आणि जी रोपं आधी हिरवी होतील ती मोठी करून सप्टेंबरात मृदुकाष्ठाला वापरते.

१३ जुलै

दोन कलमं घेऊन आत्याकडे. एक परड्यात, एक बांधावर, जुन्या झाडापासून लांब. त्याच्या मुळाशी वाळवी आहे आणि सावलीही दाट. खड्डे दादाने मे महिन्यातच घेऊन तापवून ठेवले होते. शेणखत, पोयट्याची माती, तळाला विटांचे तुकडे. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू दिला नाही. जोड जमिनीच्या चांगला चार बोटं वर ठेवला, तो मातीत गेला तर वरच्या काडीलाच मुळ्या फुटू शकतात आणि खुंटाचा उपयोग जातो. शेजारी बांबू, सैल आठच्या आकारात सुतळी. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, शेळ्यांसाठी.

तिसरं कलम काकूंच्या मुलीने मागितलं आहे, इचलकरंजीला. चौथं आणि पाचवं नात्यातल्या दोन घरांत. एकाच जागी सगळी ठेवायची नाहीत.

आत्याने पाणी घातलं. मग खाली वाकून परड्यातल्या कलमाच्या जोडाखाली आलेले दोन तांबडे कोंब अंगठ्याने पुसून टाकले. मला दिसले नव्हते.